प्रस्तावना : मधली सुट्टी आणि मुलांचा मुक्त खेळ

शाळेच्या वेळापत्रकात ज्या एका चौकटीत विषयाचे नाव नसते, शिक्षकाचे नाव नसते आणि जिच्या वेळात काय घडले याची नोंद कोणत्याही टाचणवहीत होत नाही, ती चौकट मधल्या सुट्टीची. डबा खाण्याची व पाणी पिण्याची सोय, शिक्षकांना चहापुरती उसंत आणि दोन तासिकांमधली मोकळी जागा, एवढ्याच अर्थाने तिच्याकडे पाहण्याची सवय शाळांना व पालकांना जडली आहे. त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडला, स्नेहसंमेलनाची तालीम लांबली किंवा परीक्षा जवळ आली की पहिली कात्री तिलाच लागते, आणि त्यात काही गमावले असे कोणाला वाटतही नाही. प्रस्तुत ग्रंथाची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. मुलांनी स्वतः ठरवलेली, स्वतः चालवलेली आणि स्वतःच मोडून पुन्हा मांडलेली अशी एकच गोष्ट शालेय दिवसात उरली आहे, ती म्हणजे मधल्या सुट्टीतला खेळ. आणि तो मोठ्यांच्या हाती नसतो यातच त्याचे मोल आहे, हे या ग्रंथातील लेखांमागचे सूत्र आहे.

ते तपासण्याआधी ‘मुक्त खेळ’ या संज्ञेची फोड करणे आवश्यक आहे. मुक्त खेळ म्हणजे नियमांवाचूनचा धुडगूस नव्हे. खेळ कोणता, भिडू कोण, नियम काय आणि डाव केव्हा संपला हे ज्यात खेळणारी मुलेच ठरवतात, आणि ज्यातून कोणालाही केव्हाही बाहेर पडता येते, तो मुक्त खेळ. या व्याख्येत शारीरिक शिक्षणाची तासिका बसत नाही, कारण तिथे शिट्टी शिक्षकाच्या हातात असते. क्रिकेटचा शिकवणीवर्ग बसत नाही, कारण तिथे फी भरलेली असते आणि प्रगतीचा हिशेब मागितला जातो. सोंगट्या सरकवत बेरीज-वजाबाकी करून घेणारे ‘खेळातून शिक्षण’ही बसत नाही, कारण त्याचे साध्य दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. या साऱ्या गोष्टी आपापल्या जागी उपयुक्त आहेत. परंतु त्यांच्यापैकी एखादी वेळापत्रकात घातली म्हणजे मुलांच्या खेळाची सोय झाली असे मानणे हा हिशेबातला घोटाळा आहे, आणि तो आज सर्रास होतो.

खेळाच्या या स्वरूपाचा विचार विसाव्या शतकात अनेकांनी केला. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात संस्कृती खेळातून आणि खेळाच्या रूपात घडत जाते असे प्रतिपादन केले आणि स्वेच्छा हे खेळाचे आद्य लक्षण मानले. सक्तीने खेळवलेला खेळ त्यांच्या लेखी खेळाची नक्कल ठरतो. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळाची दोन टोके कल्पिली : एक ‘पाइडिया’, म्हणजे उत्स्फूर्त, क्षणाक्षणाला रूप पालटणारे बागडणे, आणि दुसरे ‘लुडस’, म्हणजे नियमांनी व कौशल्याने बांधलेला डाव. शाळेच्या अंगणात ही दोन्ही टोके एकाच सुट्टीत दिसतात. घंटा झाल्याबरोबर नुसती धावाधाव आणि आरडाओरडा, आणि थोड्याच वेळात त्याच गोंधळातून रेघा मारून, गडी वाटून घेऊन उभा राहिलेला डाव.

मराठी समाजाने या दुसऱ्या टोकाकडचा प्रवास जवळून पाहिला आहे. मुलांच्या अंगणातल्या खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे कबड्डी हे नाव घेऊन तो खेळ १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पदकाचा खेळ झाला, आणि खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरला. या वाटचालीचा अभिमान रास्तच आहे. मात्र मैदानाची मापे ठरली, नऊ खेळाडू ठरले, पंच आले, तेव्हा नियमांची मालकी मुलांकडून संघटनांकडे गेली, हेही लक्षात घेतले पाहिजे. स्पर्धेतल्या खो-खोत पंचाचा निर्णय अंतिम असतो. सुट्टीतल्या खो-खोत कोण बाद झाले हे वाद घालून, साक्षी काढून आणि शेवटी ‘जाऊ दे, पुन्हा घे’ म्हणून ठरवावे लागते. मुलांच्या वाढीच्या दृष्टीने हा वाद डावाइतकाच महत्त्वाचा असतो, किंबहुना काकणभर अधिकच.

त्या वादाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्य कोणावर यायचे हे ठरवायला मुले ‘सुटतात’, म्हणजे तिघांनी एकदम तळहात उताणे किंवा पालथे टाकायचे आणि ज्याचा हात इतर दोघांपेक्षा वेगळा पडेल तो सुटायचा; अखेरीस जो उरेल त्याच्यावर राज्य. ही निवड नशिबावर सोपवलेली असल्यामुळे ताकद, वय किंवा घरची श्रीमंती यांपैकी काहीही तिथे चालत नाही. धाप लागली, चपलेचा अंगठा तुटला किंवा पायात काटा गेला तर ‘टाइम प्लीज’ म्हणून क्षणभर डावाबाहेर होता येते, आणि या सवलतीचा गैरफायदा घेणाऱ्याला रडीचा डाव खेळतो म्हणून सर्वांसमक्ष ऐकून घ्यावे लागते. या साऱ्यात सर्वांत सुज्ञ योजना म्हणजे ‘लिंबूटिंबू’. मोठ्या बहिणीचे बोट धरून आलेल्या लहानग्याला खेळात तर घ्यायचे, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचे नाही. त्याला धावू द्यायचे, ओरडू द्यायचे, पकडल्याचे नाटकही करायचे, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याने ‘मी आता लिंबूटिंबू नाही’ असे स्वतःच म्हटले की त्याला पक्का भिडू करून घ्यायचे. दुर्बलाला सामावून घेणारी आणि योग्य वेळी ती सवलत काढून घेणारी अशी तरतूद करताना मोठ्यांच्या संस्थांना पुष्कळ बैठका घ्याव्या लागतात.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचाराचा शोध याच दिशेने घेतला. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथासाठी त्यांनी नशातेल व जिनिव्हा येथील मुलांना गोट्यांच्या खेळाचे नियम विचारले. लहान मुलांना नियम हे मोठ्यांकडून आलेले, अढळ आणि जवळजवळ पवित्र वाटत; परंतु दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास मुलांना असे उमगू लागे की नियम आपणच केलेले आहेत, आणि सर्वांची संमती असेल तर ते बदलता येतात, मात्र बदलल्यावर पाळावेही लागतात. नागरिकत्वाचा गाभा म्हणता येईल अशी ही समज मुलांमध्ये उपदेशाने येत नाही, तर बरोबरीच्या सोबत्यांशी व्यवहार करता करता येते, हे पियाजेंच्या निष्कर्षांचे सार आहे. त्यांनी मुलींच्या खेळांत मात्र नियमांची अशी गुंतागुंत आढळत नसल्याचे नोंदवले, आणि त्या मतावर पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी टीका केली. सागरगोट्यांचा डाव त्यांच्या पाहण्यात आला असता तर कदाचित हे मत त्यांनी मांडलेच नसते. एक गोटा वर उडवून तो खाली येण्याआधी जमिनीवरचे गोटे आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन-तीन असे उचलायचे. उचलताना शेजारच्या गोट्याला बोटाचा नुसता स्पर्श होऊन तो हलला, तरी डाव गेला. आणि तो हलला की नाही याचा निवाडा भोवती उकिडव्या बसलेल्या चार मुलींनी द्यायचा. इतकी काटेकोर न्यायसभा गोट्यांच्या गल्लीतही क्वचितच भरत असेल.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात खेळातल्या संयमाकडे लक्ष वेधले. मुलाला आवेग आवरणे एरवी अवघड जाते. पण खेळात ते आपणहून आवरते, कारण नियम पाळण्यातच त्याला गोडी वाटते. लगोरी फुटल्यावर चेंडू लागेल या भीतीने पळून जाण्याची इच्छा आणि चकत्या रचण्यासाठी थांबण्याची गरज, या दोहोंमधली मुलाची घालमेल ज्याने पाहिली आहे, त्याला या म्हणण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. भातुकलीत आई झालेली मुलगी लटक्या बाळाला रागावते तेव्हा तीही आईपणाच्या तिला दिसलेल्या नियमांनीच चालत असते.

मधल्या सुट्टीचे समर्थन आज बहुधा आरोग्याच्या आणि अभ्यासाच्या भाषेत केले जाते, आणि त्याला आधारही आहे. तैवानमधील काउशुंग शहराच्या उपनगरी भागातील दोन प्राथमिक शाळांची तुलना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. एका शाळेत सुट्टीच्या वेळी मुलांना वर्गाबाहेर उजेडात धाडण्याचा परिपाठ ठेवला होता, दुसरीत नव्हता. वर्षभराने पहिल्या शाळेत नव्याने लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधूक दिसण्याचा दोष, आलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे ८ टक्के होते, तर दुसऱ्या शाळेत ते सुमारे १८ टक्के होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याच वर्षी काढलेल्या निवेदनात सुट्टी ही मुलाच्या वाढीसाठी आवश्यक असून ती शिक्षा म्हणून वा अभ्यासासाठी काढून घेऊ नये, आणि शारीरिक शिक्षणाची तासिका तिची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट म्हटले. फिनलंडच्या शाळांत पंचेचाळीस मिनिटांच्या पाठामागे पंधरा मिनिटे बाहेर मोकळे सोडण्याची रूढी आहे, आणि त्या देशाच्या शिक्षणाचे गोडवे गाणारे अनेक जण नेमकी तीच गोष्ट सांगायला विसरतात.

तथापि केवळ उपयुक्ततेवर भर देण्यात एक धोका आहे. ज्या गोष्टीचे समर्थन गुणांच्या वाढीवर उभे असते ती गोष्ट गुण वाढवण्याचा दुसरा उपाय सापडताच रद्द होते. अमेरिकेत तसे घडलेच. परीक्षांच्या निकालांवर शाळांचे मूल्यमापन सुरू झाल्यावर अनेक जिल्ह्यांत सुट्टी आखडली गेली किंवा बंद झाली, आणि फ्लोरिडा राज्यात पालकांना, मुख्यतः मातांना, चळवळ करून २०१७ मध्ये पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी दररोज वीस मिनिटांच्या सुट्टीचा कायदा करून घ्यावा लागला. वीस मिनिटे मोकळे सोडावे यासाठी विधिमंडळाकडे जाण्याची वेळ यावी, याहून त्या शिक्षणव्यवस्थेवर बोलकी टीका दुसरी नसेल. म्हणून खेळ हा मुलाचा हक्क आहे, तो दुसऱ्या कशासाठी उपयोगी पडो वा न पडो, हीच भूमिका अधिक टिकाऊ ठरते.

भारतापुरते बोलायचे तर हा हक्क कागदावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम विश्रांती, फुरसत आणि खेळ हे मुलांचे हक्क मानते, आणि भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावे असा निकष आहे. २०२३ मध्ये हरियाणातील एका शाळेच्या जागेवरील अतिक्रमणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने क्रीडांगणाविना शाळा असू शकत नाही असे बजावले. परंतु जागेची ही काळजी वेळेच्या बाबतीत दिसत नाही. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अशी मोजणी आहे, आणि ते तास अध्यापनाचे आहेत. मुलांच्या मोकळ्या वेळेचे माप तिथे नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त खेळ, मार्गदर्शित खेळ आणि संरचित खेळ असा भेद करून एक महत्त्वाचे पाऊल टाकले आहे, मात्र तो आराखडा तीन ते आठ वर्षांच्या मुलांपुरता आहे. नऊ वर्षांच्या मुलाची खेळाची गरज संपते असे कोणी म्हणणार नाही. व्यवहारात मात्र तसेच धरले जाते.

महाराष्ट्रातील परिस्थिती एकसारखी नाही, आणि या ग्रंथाचा मोठा भाग त्या भेदांना दिलेला आहे. मुंबई-पुण्याच्या दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांमध्ये सकाळची मुले बाहेर पडण्याआधीच दुपारची दारात उभी असतात. तिथे सुट्टी म्हणजे जिन्यात आणि व्हरांड्यात डबा संपवण्याची घाई. घरी परतल्यावर इमारतीच्या आवारात ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी, आणि रस्त्यावर वाहनांची रांग. जिल्हा परिषदेच्या शाळेत अंगण बहुधा मोठे असते, पण मोठ्या सुट्टीतला बराचसा वेळ पोषण आहाराच्या रांगेत, खिचडी खाण्यात आणि ताटली घासण्यात जातो. जी उरलेली मिनिटे असतात ती मुलींच्या दृष्टीने फार मोलाची, कारण शाळा सुटल्यावर पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेणे आणि चूल पेटवणे ही कामे त्यांचीच असतात. कित्येक मुलींना दिवसभरात खेळायला मिळणारा वेळ तेवढाच असतो. अभ्यासात मागे पडलेल्या मुलीला ‘सुट्टीत बसून वही पूर्ण कर’ असे सांगणाऱ्या शिक्षकाच्या हे ध्यानात नसते.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी चालवलेली कुरणशाळा इथे आठवते. गुरे राखण्यामुळे जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी शाळाच कुरणावर नेण्याचा तो प्रयोग होता. मुलाचे जगणे जिथे चालते तिथे शाळेने जावे ही त्यामागची दृष्टी आज उलट्या अंगाने उपयोगी पडेल. मुलांचे खेळणे जर आता फक्त शाळेच्या कुंपणातच शक्य उरले असेल, तर त्याला जागा आणि वेळ देणे ही शाळेची जबाबदारी ठरते.

मधल्या सुट्टीचे गोडगोजिरे चित्र रंगवण्याचे मात्र कारण नाही. ब्रिटनमधील आयोना आणि पीटर ओपी या अभ्यासक दांपत्याने दहा हजारांहून अधिक मुलांकडून माहिती मिळवून १९६९ मध्ये रस्त्यांवरील व अंगणांतील खेळांवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात शाळेच्या कोंडलेल्या अंगणातला खेळ रस्त्यावरच्या खेळापेक्षा अधिक दांडगा असतो असे निरीक्षण आहे. इथल्या अंगणांतही मोठ्या मुलांचे क्रिकेट मधोमध पसरते आणि मुलींची लंगडी भिंतीच्या कडेला जाते. कोणाला खेळात घ्यायचे नाही हे ठरवताना गावातली जात आणि वस्ती कुंपणाच्या आत शिरते. चिडवणे, मारणे, एकटे पाडणे हेही याच मिनिटांत घडते. यावरून सुट्टी घातक आहे असे अनुमान काढणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः जे वर्गात दडलेले असते ते अंगणात उघड होते, एवढाच त्याचा अर्थ. आणि उघड झालेल्या गोष्टीवर शिक्षकाला काहीतरी करता तरी येते.

काय करावे आणि काय करू नये, हा मग खरा प्रश्न. १९४३ मध्ये, जर्मन अंमलाखालच्या कोपनहेगन शहराच्या एमड्रप भागात, वास्तुउद्यानकार सोरेन्सेन यांच्या कल्पनेतून टाकाऊ लाकडे, विटा आणि दोऱ्या यांचे एक क्रीडांगण उभे राहिले. तिथे मुले आपले आपण काय ते उभारत आणि पाडत, आणि मोठे माणूस हजर असे ते मदतीला, हुकूम सोडायला नव्हे. आयोना ओपी पुढे वर्षानुवर्षे एका शाळेच्या सुट्टीत वही घेऊन नुसत्या उभ्या राहत, आणि त्यातून १९९३ मध्ये त्यांचे स्वतंत्र पुस्तक तयार झाले. अशी लक्ष ठेवणारी पण लुडबुड न करणारी उपस्थिती मराठी शिक्षकाला अवघड नाही. दुबळ्याला मार बसत असेल तर मध्ये पडावे. मैदानाचा मधला भाग कोणत्या दिवशी कोणाचा, हे मुलांकडूनच ठरवून घ्यावे. आणि खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावून मुलाला परत डावात जाऊ द्यावे. बाकीचे मुलांवर सोपवावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि २२ व्या कलमाने शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम त्या समितीकडे सोपवले आहे. हा ग्रंथ हाती घेणाऱ्या मुख्याध्यापकांना, शिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती, की पुढच्या आराखड्यात संगणक आणि भिंतींच्या रंगाबरोबर मधल्या सुट्टीची मिनिटेही लिहून घ्यावीत, जेवणाचा वेळ त्यातून वेगळा काढावा, आणि शिक्षा म्हणून, अभ्यासासाठी वा समारंभाच्या तयारीसाठी ती कापली जाणार नाहीत असा ठराव समितीच्या इतिवृत्तात नोंदवावा.